बोहारणीचा हिशेब

घरापासून आमच्या रविवारच्या मराठी शाळेपर्यंत साडेचार मैलांचा रस्ता आहे. त्या रस्त्यावर जुने कपडे टाकायच्या सात पेट्या आहेत. एक गॅस स्टेशनच्या कोपऱ्यात, दोन इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये शेजारी शेजारी, एक चर्चच्या आवारात, बाकीच्या अशाच कुठे कुठे. लाल, हिरव्या, पिवळ्या. पुरुषभर उंचीची लोखंडी पेटी, पोस्टाच्या पेटीसारखे पण चांगले रुंद तोंड, आणि वर एखाद्या हसऱ्या मुलाचे नाहीतर पृथ्वीच्या गोलाचे चित्र. ‘कपडे आणि बूट’ ही अक्षरे वीतभर उंचीची. बाकीचा मजकूर वाचायचा तर गाडीतून उतरून चष्मा लावावा लागतो.

मी उतरलो आणि वाचला. (निवृत्तीनंतर माणसाला असले उद्योग सुचतात.) सातांपैकी दोन पेट्या खरोखरीच्या धर्मादाय संस्थांच्या निघाल्या. त्यांतल्या एकीचे शेजारच्या गावात दुकान आहे. छळाला कंटाळून घर सोडलेल्या बायकांसाठी ती संस्था निवारा चालवते आणि त्याचा बराचसा खर्च त्या दुकानातून निघतो. तीन पेट्यांवर बारीक अक्षरांत लिहिले होते की पेटी एका खाजगी कंपनीची असून अमुक संस्थेला तिच्यातून ‘मदत’ होते. किती, ते लिहिलेले नाही. सहावीवर ‘ही कंपनी नफ्यासाठी चालते’ एवढेच वाक्य होते, तेही गुडघ्याच्या उंचीवर. सातवीवर फोन नंबराशिवाय काहीच नव्हते, आणि तो नंबर बंद होता. आमच्या न्यू जर्सीत अशी पेटी ठेवायला नगरपालिकेचा परवाना लागतो आणि पेटीवर मालकाचा नावपत्ता असावा लागतो. तेव्हा सातवीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चोर तो चोर. मला विचारात पाडले ते मधल्या चार पेट्यांनी. त्यांच्याविरुद्ध तक्रार करायला गेलो तर पोलीस मलाच घरी पाठवतील.

हा सगळा माझा एकट्याचा छंद म्हणून राहिला असता, पण गेल्या वर्षी प्रश्न मंडळाच्या दारातच येऊन उभा राहिला. अशाच एका कंपनीने प्रस्ताव दिला की तुमच्या हॉलच्या आवारात आमची पेटी ठेवा. पेटीवर मंडळाचे नाव, गणपतीचे चित्र आणि ‘तुमचे जुने कपडे, गरजूंसाठी’ हे शब्द इंग्रजीत आणि मराठीत. कपडे न्यायला गाडी त्यांची, माणूस त्यांचा. मंडळाने काहीही करायचे नाही. दर पौंडामागे काही सेंट मराठी शाळेला मिळतील.

शाळेला पैशांची गरज होती आणि आहे. वर्गांचे भाडे वाढले आहे, शिक्षिका सगळ्या विनामूल्य शिकवतात, पण पुस्तके आणि विमा विनामूल्य मिळत नाहीत. आमचे खजिनदार माझे तीस वर्षांचे स्नेही. अत्यंत सरळ माणूस; मंडळाच्या समोशांचा हिशेबही ते पावतीसह ठेवतात. बैठकीत त्यांनी विचारले, “देणाऱ्याचं कपाट रिकामं होतं, शाळेला पैसे मिळतात, कंपनीला धंदा मिळतो आणि आफ्रिकेत कोणाला तरी स्वस्तात शर्ट मिळतो. यात फसलं कोण, ते मला सांगा.”

प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. त्या संध्याकाळी मला नीट उत्तर देता आले नाही.

आधी आपली पिशवी जाते कुठे ते पाहू. आपली समजूत अशी की पेटीतला शर्ट कोणीतरी धुऊन, इस्त्री करून एखाद्या गरिबाच्या हातात ठेवतो. तसे क्वचितच होते. सज्जन संस्थासुद्धा बहुतेक कपडे विकतात आणि पैसा कामाला लावतात. त्यात काही गैर नाही. दुकानात जे खपत नाही ते वजनावर व्यापाऱ्यांना जाते. तिथे पट्ट्यावरून कपडे सरकत असतात आणि बायामाणसे एका नजरेत त्यांची प्रत ठरवतात: हे जुन्या फॅशनचे म्हणून महाग, हे उष्ण देशांत चालेल, हे यंत्रे पुसायच्या चिंध्यांसाठी, हे दळून गाद्यांत भरायला. मग दाबून गाठी बांधतात आणि गाठी जहाजावर चढतात. पूर्व आफ्रिकेत या कपड्यांना ‘मितुंबा’ म्हणतात, म्हणजेच गाठोडी. घानाच्या अक्रा शहरात कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा अवाढव्य बाजार आहे. तिथल्या भाषेत या मालाला जे नाव आहे त्याचा अर्थ ‘मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे’. जिवंतपणी कोणी इतके चांगले कपडे टाकून देईल यावर कोणाचा विश्वास बसेना, म्हणून हे नाव पडले म्हणतात. तिथली विक्रेती बाई गाठ न उघडताच विकत घेते, पुष्कळदा कर्ज काढून. आत चांगले निघाले तर चार पैसे सुटतात. डाग पडलेले, विरलेले निघाले तर ती बुडते आणि तो माल गटारांतून समुद्रावर जातो. २०२५ च्या जानेवारीत, वर्षाच्या पहिल्याच दिवसांत, हा बाजार आगीत मोठ्या प्रमाणात जळाला. ज्यांची दुकाने गेली त्यांच्या नावाने आपल्याकडच्या कुठल्या पेटीवर चित्र लागल्याचे मी पाहिले नाही.

पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी २०१६ साली ठरवले की हे जुने कपडे हळूहळू बंद करायचे आणि आपल्या गिरण्यांना उभे राहू द्यायचे. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापारी संघटनेने त्याविरुद्ध सरकारकडे तक्रार केली. बाकीचे देश कचरले. रवांडा हटला नाही, तेव्हा २०१८ मध्ये अमेरिकेने त्याच्या तयार कपड्यांना मिळणारी करमाफी थांबवली. दान घेतले नाही म्हणून शिक्षा झाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

यातला काही माल आपल्या देशातही जातो. कांडला बंदरात उतरतो, तिथल्या विशेष क्षेत्रात त्याची निवड होते, आणि लोकरीच्या चिंध्या पानिपतला जातात. पानिपत म्हटल्यावर आपल्याला १७६१ आठवते. कापडवाल्यांना आठवतात ते तिथले कारखाने, जुने स्वेटर-कोट पिंजून पुन्हा सूत काढणारे आणि त्याची घोंगडी विणणारे. असले कपडे आयात करताना आधी कातरून निकामी करावे लागतात, म्हणजे ते पुन्हा कपडे म्हणून बाजारात विकले जाऊ नयेत. या कामावर मेघना गुप्ता यांचा ‘अनरॅव्हल’ नावाचा २०१२ चा छोटा माहितीपट आहे. मिळाला तर जरूर पाहा. त्यात बटणे आणि चेन कापून काढणाऱ्या बाया आपसांत तर्क करतात की परदेशात लोक इतके धड कपडे टाकतात तरी का. त्यांतल्या एकीच्या मते तिकडे पाणी फार महाग असावे, धुण्यापेक्षा टाकणे परवडत असेल. मी हसलो, आणि मग आमच्या बेसमेंटमधल्या लेबल न काढलेल्या तीन शर्टांकडे पाहून हसणे थांबले.

एवढी माहिती जमवल्यावर खजिनदारांचा प्रश्न आणखीच धारदार झाला. कारण नफा हाच जर दोष असेल, तर मग आपली बोहारीण काय वाईट होती?

ज्यांचे बालपण साठ-सत्तरच्या दशकांत गेले त्यांना बोहारीण समजावून सांगायला नको. मुलांसाठी सांगतो. दुपारी वाड्यातली पुरुषमंडळी कामावर असताना डोक्यावर टोपली आणि खांद्यावर गाठोडे घेतलेली बाई यायची आणि ‘भांडीऽऽय’ अशी हाक घालायची. टोपलीत स्टीलची नवी भांडी. जुने कपडे द्यायचे आणि भांडे घ्यायचे. मग पायरीवर बसून जी घासाघीस चाले तिच्यापुढे वकिलांनी हात टेकावेत. बोहारीण विजार उजेडात धरायची आणि म्हणायची, “वैनी, गुडघ्यावर इरली हाय बगा. ह्याच्यावर चमचा बी न्हाई येत.” आई म्हणायची, “अगं, दोन दिवाळ्या नाही वापरली यांनी. झारा तरी दे. आणि ही जरीची किनार दिसत नाही का तुला?” शेवटी एक साडी, दोन विजारी आणि एका सदऱ्यावर पातेले ठरायचे. झाकणासाठी बोहारीण आणखी एक परकर मागायची. आई द्यायची नाही. बोहारीण उठून जायची, जिन्यापर्यंत जाऊन परत यायची.

त्या बाईला नफा होत होता, हे आईला पक्के ठाऊक होते. बोहारणीलाही ठाऊक होते की आईला ठाऊक आहे. ते कपडे ती दुरुस्त करून बाजारात विकणार, याची कोणी चोरी ठेवली नव्हती. तिच्या टोपलीवर हसऱ्या मुलाचे चित्र नव्हते आणि पातेले मिळाल्यावर आई स्वतःला दानशूर समजत नव्हती. शेजारच्या काकूंपेक्षा आपण झारा जास्त काढला, एवढाच तिचा आनंद. आता पेटीवाली कंपनी करते तेच काम बोहारीण करत होती. फरक एवढाच की तिने ‘दान’ हा शब्द कधी उच्चारला नाही, म्हणून तिला भाव विचारता येत होता.

पेटीवर ‘गरजूंसाठी’ हे अक्षर लागले की आपले विचारणे थांबते. देणाऱ्याने दिल्यावर हिशेब मागणे आपल्याला कोतेपणाचे वाटते. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, देऊन विसरून जावे, असे संस्कार आहेत आपल्यावर. ते दात्याने मिरवू नये म्हणून होते. मध्ये उभ्या राहिलेल्या तिसऱ्याला त्याआड लपता यावे म्हणून नव्हते. कंपनी स्वतःचे काहीच देत नाही. देणारे आपण, नाव संस्थेचे, आणि ती मात्र हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून मोकळी.

इथला कायदा याबाबतीत काय म्हणतो ते वाचून मी थक्क झालो. १९८८ मध्ये ‘रायली’ नावाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवले की देणगी मागताना तिच्यातला किती हिस्सा संस्थेपर्यंत पोहोचतो हे सांगण्याची सक्ती राज्य सरकार करू शकत नाही. कारण काय, तर देणगी मागणे हे भाषण आहे आणि भाषणाला स्वातंत्र्य आहे. पुढे २००३ मध्ये इलिनॉयच्या एका खटल्यात त्याच कोर्टाने म्हटले की धडधडीत खोटे सांगितले तर मात्र फसवणुकीचा दावा लावता येईल. त्या प्रकरणात दर डॉलरमधले ८५ सेंट गोळा करणारी कंपनीच ठेवत होती. जुन्या कपड्यांच्या बाबतीतही हेच घडले. नफ्यासाठी चालणाऱ्या एका मोठ्या दुकान-साखळीविरुद्ध मिनेसोटाच्या अटर्नी जनरलने २०१५ मध्ये दावा लावला. गिऱ्हाइकाला वाटते दान संस्थेला चालले, प्रत्यक्षात संस्थेला वजनावर किरकोळ रक्कम मिळते, असा आरोप होता. कंपनीने सहा संस्थांना मिळून १८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. वॉशिंग्टन राज्यानेही २०१७ मध्ये तिला कोर्टात खेचले. तिथे मात्र २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण तेच: भाषणस्वातंत्र्य.

थोडक्यात, खोटे बोललात तर पकडू, गप्प राहिलात तर नाही. हे वाचताना मला धर्मराज आठवला. ‘नरो वा कुंजरो वा’ हे वाक्य कुठल्याही कोर्टात टिकले असते. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. ‘कुंजर’ शब्द उच्चारला होता, फक्त हळू. पेटीवरची गुडघ्याच्या उंचीवरची ओळ म्हणजे तो हळूच उच्चारलेला कुंजर. महाभारतकाराने धर्मराजाला तुरुंगात घातले नाही; जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकवला, बस्स. आमच्या मंडळाचा रथ काही अधांतरी चालत नाही, दर गणपतीत तो पार्किंगवरून जमिनीवर येतो, पण पेटीवर गणपतीचे चित्र लावायचे म्हटल्यावर मला तो आठवल्यावाचून राहिला नाही.

आता दुसरी बाजूही बोलली पाहिजे. गप्प राहणाऱ्याचे फावते, कारण आपल्यालाही ऐकायचे नसते. आपल्याला कपाट रिकामे हवे असते. कचऱ्यात टाकवत नाही, ‘अन्न टाकू नये, वस्त्र फेकू नये’ हे अंगात मुरलेले आहे. पण ठेवायला जागा नाही आणि दुरुस्त करायला वेळ नाही. पेटी आपल्याला टाकू देते आणि वर त्याला दान म्हणू देते. ईपीएच्या आकडेवारीप्रमाणे २०१८ साली या देशाने १ कोटी ७० लाख टन कापड टाकून दिले आणि त्यातले १ कोटी १३ लाख टन जमिनीत पुरले. एवढ्या ढिगापुढे मनाची कुठेतरी सोय लावावीच लागते. ती सोय ही खरी विक्रीची वस्तू आहे आणि आपण तिचे गिऱ्हाईक आहोत. कपडे ही आपण मोजलेली किंमत.

कठोपनिषदातली गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण ती सुरू कुठून होते ते आपण विसरतो. यमाच्या दारापर्यंत जाणारा नचिकेता आधी वडिलांना काय बोलतो? वडील यज्ञात सर्वस्व देत असतात, आणि पोरगा बघतो की दिल्या जाणाऱ्या गाई म्हाताऱ्या, भाकड, शेवटचे पाणी पिऊन झालेल्या आहेत. आपल्याला नको ते देणे हे दान आहे का, असा त्या मुलाचा प्रश्न. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार केले आहेत. परत काही मिळावे म्हणून दिलेले ते राजस. करसवलतीची पावती त्यात बसते असे माझे मत आहे. गंमत अशी की इथल्या आयकर खात्याने नचिकेत्याचे ऐकले आहे: २००६ च्या कायद्यापासून, दिलेला कपडा किमान चांगल्या वापरण्याजोग्या स्थितीत असेल तरच वजावट मिळते. भाकड गाय चालत नाही.

मग बैठकीतल्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले. फसले कोण? शेजारच्या गावातले ते निवाऱ्याचे दुकान. आपल्या लोकांचे कपडे चांगले असतात, फारसे न वापरलेले असतात. दुकान चालते ते असल्याच मालावर. गणपती छापलेल्या पेटीत तो माल पडला की तो तिकडे जाणार नाही, आणि देणारा मात्र ‘यंदाचे दान झाले’ म्हणून हात झटकेल. फसवणूक इतकी दूरची आणि इतकी वाटून गेलेली की कोणाच्याच खिशाला कळत नाही.

बैठकीत एकीने सुचवले की पेटीच नको, सरळ कंटेनर भरून भारतात पाठवू. जुने कपडे भारतात आयात करायला परवाना लागतो, हा भाग सोडाच. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत रस्त्याकडेला नको असलेल्या कपड्यांचे ढीग कुजत पडले होते, ते आठवावे. कोळणींनी जीन्स घालायच्या होत्या की काय! कपड्यांचे काम मला पटेल असे केले ते ‘गूंज’ने. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये ती सुरू केली, २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडे गावकरी आधी एकत्र येऊन विहीर खणतात, बंधारा घालतात, रस्ता दुरुस्त करतात, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. भीक नाही, व्यवहार. बोहारणीला हे लगेच समजले असते.

पुढच्या बैठकीला कंपनीचा प्रतिनिधी आला होता. तिशीतला, नीटनेटका, बोलायला गोड मुलगा. मी एकच मागणी ठेवली. पेटी जरूर ठेवा. फक्त ‘गरजूंसाठी’ हे शब्द ज्या आकारात आहेत त्याच आकारात आणि त्याच उंचीवर लिहा की कपडे ही कंपनी नेऊन विकते आणि पौंडामागे इतके सेंट शाळेला देते. आकडा लपवायचे काही कारण नाही, शाळेला पैसे हवेत म्हणून देणारे लोक देतीलच. आमच्या खजिनदारांनाही ही सूचना आवडली. तो मुलगा थोडा वेळ विचार करून अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “सर, असं लिहिलं तर पेटी भरत नाही. आम्ही करून पाहिलंय.”

खोली थोडी शांत झाली. मग मतदान झाले. पाच विरुद्ध चार. पेटी आली नाही.

खजिनदारांनी पेटीच्या बाजूने मत दिले होते. त्यांचे म्हणणे अजून कायम आहे की कोणाच्या तरी पार्किंग लॉटमध्ये ती पेटी उभी राहिलीच, कपडे त्याच जहाजावर चढले, फक्त आपल्या शाळेचे पैसे गेले. ते म्हणतात त्यातला शब्दही मला खोडता येत नाही. पेटी खरोखरच अर्ध्या मैलावर उभी आहे. फक्त गणपतीऐवजी तिच्यावर पृथ्वीचा गोल आहे.

या सप्टेंबरपासून शाळेची फी मुलामागे चाळीस डॉलरने वाढली. तीन कुटुंबांनी नाराजीच्या ईमेल पाठवल्या आहेत. खजिनदार त्या मला फॉरवर्ड करतात, वर एक अक्षरही न लिहिता.